मॅथ्स की एसपी? अकरावी-बारावी कॉमर्सची माझी दोन वर्षं

दहावी झाली, कॉमर्स ठरलं, की घरात पुढचा विषय निघतोच: मॅथ्स घ्यायचं की एसपी? इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, इको (अर्थशास्त्र), बीके (पुस्तपालन) आणि ओसी (वाणिज्य संघटन) हे तर असतंच. उरलेल्या एका जागेवर बहुतेक कॉलेजांत गणित व संख्याशास्त्र, नाहीतर चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी. २०२३ मध्ये मी या फाट्यावर उभी होते तेव्हा सल्ला द्यायला अख्खी चाळ तयार होती. गंमत म्हणजे त्यातल्या एकानेही कॉमर्सचं मॅथ्स केलेलं नव्हतं. सायन्सवाले म्हणायचे, ते काय मॅथ्स असतं का! आर्टसवाले म्हणायचे, कशाला डोक्याला ताप. आता बारावी पार पडली आहे, तर जे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही ते लिहून ठेवते.

आमचा दहावीचा निकाल २ जून २०२३ ला लागला. शाळा मराठी माध्यमाची, राहायला लालबाग. गणिताच्या दोन्ही भागांत मिळून ७१. म्हणजे ‘गणितात हुशार’ म्हणवणाऱ्यांतली मी नव्हे, आणि घाबरून पळणाऱ्यांतलीही नव्हे. माझ्यासारखेच जास्त असतात असं मला वाटतं, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म दोन भागांत भरायचा होता. भाग १ मध्ये स्वतःची माहिती आणि २२५ रुपये, भाग २ मध्ये कॉलेजांची पसंती, एकापासून दहापर्यंत. (तेव्हा ही पद्धत मुंबई, पुणे अशा ठरावीक शहरांपुरती होती, २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाली आहे. शुल्क आणि वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते त्या वर्षीचंच बघा.) पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, हे सगळे सांगतात. पण कॉलेज निवडताना आपण ‘कॉमर्स, इंग्रजी माध्यम, अनुदानित’ अशी शाखा निवडतो. मॅथ्स की एसपी ते तिथे कुठेच विचारत नाहीत. तो प्रश्न थेट कॉलेजच्या खिडकीवर येतो. काही कॉलेजांत मॅथ्सची एकच तुकडी असते आणि तिच्या जागा गुणांवर भरतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजात फोन करून किंवा जाऊन विचारा: कॉमर्सला मॅथ्स आहे का, किती तुकड्यांना आहे, आणि अनुदानित तुकडीत आहे की फक्त विनाअनुदानित. माझ्या यादीतल्या एका कॉलेजात फोनवर ‘हो हो, आहे’ असं उत्तर मिळालं. बाबा अर्धा दिवस सुट्टी टाकून प्रत्यक्ष गेले तेव्हा कळलं की आहे, पण विनाअनुदानित तुकडीत, आणि फीचा आकडा ऐकून बाबा पाणी न पिताच परत आले. ते नाव आम्ही यादीत खाली ढकललं.

दुसऱ्या फेरीत मला माटुंग्याच्या बाजूचं एक अनुदानित कॉलेज लागलं. प्रवेशाच्या दिवशी मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, फोटो, आणि एक गुलाबी फॉर्म ज्यावर विषयांपुढे खुणा करायच्या. खिडकीतल्या मॅडमनी माझे गणिताचे गुण बघितले, मग माझ्याकडे बघितलं. “नक्की ना? बारावीत बदलून मिळत नाही हं सहज.” मी हो म्हटलं. मागे उभ्या असलेल्या मुलीने त्याच क्षणी एसपीवर खूण केली. पुढे ती माझी जवळची मैत्रीण झाली. एसपी घेऊन ती मजेत राहिली, हेही आत्ताच सांगून टाकते. वर्षाची फी दीड हजाराच्या आसपास गेली. करी रोड ते माटुंगा हा लोकलचा पास कॉलेजच्या सवलतीच्या फॉर्मवर काढला.

अकरावीचे तास सुरू झाले आणि पहिला धक्का गणिताचा नव्हताच, माध्यमाचा होता. शाळेत बहुलक, मध्यक, संच शिकलेली मी. इथे सगळं इंग्रजीत. दिवाळीपर्यंत कान बसला. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहीत गेले, एवढंच केलं. त्याचा बाऊ करू नका.

पुस्तकं दोन, भाग १ आणि भाग २. भाग १ म्हणजे शाळेतलं गणित मोठं होऊन आलेलं: संच आणि संबंध, फलं, संमिश्र संख्या, श्रेढी, सरळ रेषा, निश्चयक, मग लिमिट, कंटिन्युइटी आणि डेरिव्हेटिव्ह. भाग २ मात्र वेगळीच वस्ती. चतुर्थक-शतमानांपासून सुरुवात, मग विचलनाची मापं, विषमता, द्विचल वारंवारता आणि काय-स्क्वेअर, सहसंबंध, क्रमचय-संचय, संभाव्यता, आणि शेवटी व्यापारी गणित. एका नावाखाली हे दोन विषय आहेत असं समजूनच अभ्यासाला बसा. ज्याला भाग १ जमतो त्याला भाग २ जमेलच असं नाही. उलटही तितकंच खरं. माझ्या वर्गात दहावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेला एक मुलगा प्रमाण विचलनाच्या तक्त्यांना वैतागून जायचा, कारण त्यात ‘युक्ती’ काही नसते. रकाने आखा, वजाबाकी करा, वर्ग करा, बेरीज करा. एक रकाना बिघडला की पुढचं सगळं बिघडतं.

ऑगस्टमध्ये एक दिवस सर वर्गात आले आणि नेहमीचा तास न घेता संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव गेल्याचं सांगितलं. वय १०२. त्याच वर्षी त्यांना संख्याशास्त्रातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तोही १९४५ मधल्या, वयाच्या पंचविशीतल्या कामासाठी. फळ्यावर सरांनी त्यांच्या नावाची असमानता लिहिली. आम्हाला ती अजिबात कळली नाही आणि कळावी अशी सरांची अपेक्षाही नव्हती. पण २९ जूनला, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या जन्मदिवशी, देशात सांख्यिकी दिन असतो आणि तो २००७ पासून पाळतात, हे सगळं मी त्या तासाला पहिल्यांदा ऐकलं. तोपर्यंत माझी समजूत अशी की संख्याशास्त्र हे गणिताच्या पुस्तकात पानं भरायला घातलेलं प्रकरण आहे.

क्लासबद्दल विचाराल तर अकरावीच्या सुरुवातीला मी क्लास लावला नाही. सहामाहीत गणितात कसेबसे पास होण्याइतके गुण आले आणि आईने शिवणाच्या पैशातून जानेवारीत क्लास लावून दिला: लालबागमधलेच, घरगुती, दोन विषयांचे वर्षाला अठरा हजार, तीन हप्त्यांत. मोठ्या नावाच्या क्लासेसची फी याच्या कितीतरी पट होती. तिथल्या एकाने तर ‘आज भरलंत तर सूट’ म्हणून बाबांना खुर्चीवरून उठूच दिलं नाही. घरगुती क्लासमध्ये सर स्वतः वही तपासायचे, आणि भाग २ ला वही तपासणारा माणूस लागतोच, कारण उत्तर का चुकलं ते व्हिडिओ सांगू शकत नाही. लिमिट-डेरिव्हेटिव्ह मात्र मी बरंचसं मोफत व्हिडिओंवर केलं, त्याला हरकत नाही.

गणपतीतल्या अभ्यासाचं एक सांगायलाच हवं. लालबागला त्या दहा-बारा दिवसांत घरात अभ्यास होत नाही. रस्ता बंद, स्पीकर चालू, घरात पाहुणे, आणि दर्शनाच्या रांगेतला कोणीतरी लांबचा नातेवाईक ‘जरा पाय धुतो’ म्हणून वर येतोच. दोन्ही वर्षी त्या दिवसांत मी दादरच्या एका अभ्यासिकेत जागा धरली. महिन्याचे पैसे भरावे लागतात, पण आठवड्याभरासाठीही विचारून बघा, देतात.

बारावी जून २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिथे मला हा विषय खऱ्या अर्थाने आवडायला लागला. भाग १ मध्ये तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, विकलन आणि त्याचे उपयोग, मग इंटिग्रेशनची तीन प्रकरणं, शेवटी डिफरन्शियल इक्वेशन. यात गुण मिळवायचे असतील तर तर्कशास्त्र आणि मॅट्रिक्स आधी पक्कं करा, ते महिनाभरात हातात येतं. इंटिग्रेशनला वेळ लागतो, लागू द्या.

भाग २ ची यादी वाचली तरी कळेल ते कुठून आलंय: कमिशन-दलाली-सूट, विमा आणि ॲन्युइटी, रेषीय समाश्रयण म्हणजे रिग्रेशन, कालश्रेणी, निर्देशांक, लिनिअर प्रोग्रॅमिंग, असाइनमेंट आणि सिक्वेन्सिंग, संभाव्यता वितरणं. विम्याच्या प्रकरणातलं एक उदाहरण मी घरी वाचून दाखवलं. पाच लाखांची मालमत्ता, विमा चार लाखांचा, आगीत नुकसान एक लाखाचं, भरपाई किती? बाबा एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. ते म्हणाले, “एक लाख. विमा चारचा आहे ना?” नाही, ऐंशी हजार, कारण विमा मालमत्तेच्या चार-पंचमांश रकमेचाच होता, म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात. बाबांनी दुसऱ्या दिवशी गोदामाच्या पॉलिसीचा कागद काढून बघितला म्हणे.

पण सगळ्यात जास्त वेळ मी निर्देशांकांवर घालवला, आणि त्याला कारण आजोबा. आजोबा कापड गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ चा संप त्यांनी पाहिला आणि त्यानंतर गिरणीत परत गेले नाहीत. मी बाजूला बसून ‘राहणीमान खर्चाचा निर्देशांक’ असं मोठ्याने वाचत होते तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, “पोरी, आमचा महागाई भत्ता ह्याच्यावरच असायचा. आकडा वर गेला की भत्ता वर. आकडा कुठून येतो ते मात्र कुणी सांगितलं नाही.” मी म्हटलं, थांबा, मी काढून दाखवते.

पुस्तकात कौटुंबिक अंदाजपत्रकाची पद्धत आहे. घरखर्चाचे गट करायचे: अन्न, इंधन व दिवाबत्ती, घरभाडं, कपडे, इतर. प्रत्येक गटाला खर्चातल्या वाट्याप्रमाणे भार द्यायचा, त्या गटाचे भाव आधार वर्षाच्या तुलनेत शंभराला किती झाले ते मांडायचं, गुणाकार करून बेरीज करायची आणि भारांच्या बेरजेने भागायचं. आमच्या घराचे आकडे आई आणि आजोबांनी अंदाजाने सांगितले. अन्नाला भार ५०, भाव १४०. इंधनाला १० आणि १३०. घरभाड्याला फक्त २ आणि १००, कारण खोली पागडीची, भाडं वर्षानुवर्षं जवळजवळ तेवढंच. कपड्यांना ८ आणि १२०, इतर खर्चाला ३० आणि १५०. उत्तर आलं १३९.६. मग मी डोंबिवलीला भाड्याने राहणाऱ्या मैत्रिणीच्या घराचा हिशेब मांडला. भाव तेच, फक्त भाड्याला भार ४० आणि भाव १६०. त्यामुळे अन्नाला ३०, इंधनाला ८, कपड्यांना ५, इतरला १७. उत्तर १४७.९. एकाच काळात, एकाच लोकलच्या मार्गावर, महागाई दोन घरांत वेगळी. आजोबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि विचारलं, “मग सरकार कुणाचं घर धरतं?” हा प्रश्न बोर्डाच्या पेपरात येत नाही, पण यायला हवा. मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. खर्चाची पाहणी करून सरासरी कुटुंबाचे भार काढतात आणि ते पुढे बरीच वर्षं तेच वापरतात, असं ते म्हणाले. तेव्हा चालू असलेल्या किरकोळ महागाईच्या निर्देशांकाचं आधार वर्ष २०१२ होतं. सेन्सेक्सचं १९७८-७९, तेव्हाचे शंभर. एवढं कळल्यावर बातम्यांतले आकडे ऐकायला वेगळे लागतात.

आता त्याच प्रकरणातली परीक्षेला उपयोगी गोष्ट. लास्पेअर, पाशे, डॉर्बिश-बाउली, फिशर, मार्शल-एजवर्थ, वॉल्श अशी भावांचा निर्देशांक काढायच्या पद्धतींच्या नावांची रांग आहे आणि मुलं सूत्रं पाठ करून गोंधळतात. लास्पेअरमध्ये आधार वर्षाचं परिमाण (वस्तू किती घेतली ते), पाशेमध्ये चालू वर्षाचं, एवढं पक्कं करा. डॉर्बिश-बाउली म्हणजे या दोघांची साधी सरासरी, फिशर म्हणजे दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. त्यामुळे फिशरचं उत्तर या दोघांच्या मध्येच यायला हवं आणि डॉर्बिश-बाउलीपेक्षा जास्त कधीच असू शकत नाही. लास्पेअर १२०, पाशे १३० असेल तर डॉर्बिश-बाउली १२५ आणि फिशर साधारण १२४.९. फिशर १२६ आला तर पेन खाली ठेवा आणि गुणाकार परत बघा. असे पहारे भाग २ मध्ये जागोजागी आहेत आणि कुठल्याही गाइडमध्ये ते नीट सांगितलेले नसतात. कालश्रेणीत वर्षांची संख्या विषम असेल आणि मधलं वर्ष शून्य धरलं, तर त्या रकान्याची बेरीज शून्यच. सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज शून्यच.

रिग्रेशनमध्ये, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज काढताना, दोन समीकरणं देतात आणि कुठलं कोणाचं ते सांगत नाहीत. समजा २क्ष + य = २० आणि क्ष + २य = १९. दोन्ही एकत्र सोडवली की सरासऱ्या मिळतात: क्षची ७, यची ६. पहिलं समीकरण ‘यचं क्षवर’ आणि दुसरं ‘क्षचं यवर’ धरलं तर गुणांक −२ आणि −२, गुणाकार ४. तो एकापेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणजे धरलं ते उलटं. अदलाबदल केली की दोन्ही गुणांक −१/२, गुणाकार १/४. आणि सहसंबंध गुणांक, म्हणजे या गुणाकाराचं वर्गमूळ, −१/२, अधिक नव्हे, कारण दोन्ही गुणांक ऋण आहेत. या एका ऋण चिन्हावर वर्गातल्या निम्म्या मुलांचा गुण जायचा.

कॅल्क्युलेटर बोर्डाला चालत नाही, लॉग टेबल चालतं. आम्ही अकरावीपासून घरी मोबाइलवर हिशेब करायचो. क्लासच्या सरांनी बारावीच्या ऑगस्टपासून ते बंद पाडलं. फिशरसाठी १५६०० चं वर्गमूळ हवं तर लॉग ४.१९३१, त्याचं निम्मं २.०९६५, अँटिलॉग १२४.९. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतात, डिसेंबरपर्यंत एक. लॉग टेबलचं पुस्तक स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं, स्वतःचं घ्या आणि आत पेनाची एकही खूण करू नका, परीक्षेत पर्यवेक्षक उघडून बघतात.

ऑक्टोबरमध्ये बोर्डाचा फॉर्म कॉलेजमार्फत भरला. त्यानंतर येते प्री-लिस्ट, आणि तिच्याकडे मुलं लक्षच देत नाहीत. कॉलेजात एक छापील यादी सही करायला देतात, त्यावर आपलं नाव, आईचं नाव, माध्यम, विषयांचे क्रमांक असतात. कॉमर्सच्या गणित व संख्याशास्त्राचा क्रमांक ८८, आर्टस-सायन्सच्या गणिताचा ४०. सही करण्याआधी एकेक अक्षर वाचा. आमच्या तुकडीत एकाच्या नावापुढे ४० पडला होता. तिथेच लाल पेनाने दुरुस्त झाला म्हणून बरं.

पेपरचा आराखडा कळल्याशिवाय अभ्यास वाटून घेता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते, पण तुमच्या वर्षाचा आराखडा कॉलेजात विचाराच. आमच्या वेळी ८० गुणांची लेखी, तीन तास. २० गुण कॉलेजकडे. लेखी परीक्षेचे दोन विभाग ४०-४० चे, पहिला भाग १ वर, दुसरा भाग २ वर. प्रत्येक विभागात १२ गुण बहुपर्यायी, चूक की बरोबर आणि रिकाम्या जागांचे. शिवाय प्रत्येक विभागात चार गुणांची एक अॅक्टिव्हिटी, म्हणजे सोडवत आणलेलं उदाहरण, मधल्या चौकटी आपण भरायच्या. हे सगळं मिळून ८० पैकी ३२ होतात आणि ते जवळजवळ पूर्ण पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायांतून तयार करता येतात. पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत आहेत. छापील पुस्तक जुनं मिळालं तरी घ्या, फक्त आवृत्ती नव्या अभ्यासक्रमाची आहे का ते बघा. बारावीची आमची पुस्तकं २०२० ची होती. जाडजूड अपेक्षित प्रश्नसंचांचा मला फारसा उपयोग झाला नाही.

कॉलेजकडच्या २० गुणांना हलकं समजू नका. जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, वेळेवर द्या, एवढंच. शेवटच्या दिवशी जर्नल घेऊन धावणाऱ्यांची स्टाफरूमबाहेरची रांग बघवत नाही.

प्रिलिममध्ये एक गोष्ट लक्षात आली. भाग २ ची उदाहरणं लांब असतात, तीन-चार गुणांसाठी पूर्ण पानाचा तक्ता. मी सुरुवात भाग १ ने करायचे आणि निर्देशांक लिहायला घेईपर्यंत पावणेदोन वाजायचे. मग क्रम उलटा केला: आधी दोन्ही विभागांतले छोटे प्रश्न, मग तक्त्यांची उदाहरणं डोकं ताजं असताना, आणि इंटिग्रेशन शेवटी. तुम्हाला कदाचित उलटा क्रम सोयीचा पडेल. प्रिलिमलाच करून बघा, बोर्डाला प्रयोग नको.

बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारी २०२५ ला इंग्रजीने सुरू झाली. आमचं केंद्र दुसऱ्याच शाळेत होतं. आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून आले, कारण परळ-दादर पट्ट्यात गल्ली चुकली की वीस मिनिटं जातात. साडेदहाला आत, अकराला पेपर, आणि दोननंतर दहा मिनिटं वाढीव. गणिताच्या दिवशी पोटात गोळा होता हे कशाला लपवू. उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर, पुरवणी घेतली की तिच्यावर होलोक्राफ्ट स्टिकर, आणि हे सगळं चिकटवताना हात ओले. लिनिअर प्रोग्रॅमिंगचा आलेख कॉमर्सला आलेख कागदावरच काढावा लागतो. तो मागून घ्यायचा आणि पुरवणीसारखाच दोऱ्याने बांधायचा. पट्टी, टोकदार पेन्सिल, दोन पेनं, पारदर्शक पाऊच. रफ काम पानाच्या उजव्या बाजूला रेघ मारून तिथेच केलं, म्हणजे आकडा उतरवताना पान उलटावं लागत नाही.

पेपर सुरू असतानाच २३ फेब्रुवारीच्या रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. कोहलीच्या शतकाला चाळीत जो आवाज झाला त्यात माझी पाठ केलेली उत्तरं वाहून गेली. पण तो वेगळा विषय.

निकाल ५ मे २०२५ ला दुपारी एक वाजता लागला. राज्याचा ९१.८८ टक्के. मला गणितात ७९. वर्गात नव्वदीच्या वरचेही होते आणि काठावर पास झालेलेही. गुण कमी वाटले तर घाईने पुनर्मूल्यांकनाच्या मागे लागू नका, आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते: आमच्या वर्षी विषयाला ४०० रुपये. नुसती गुणपडताळणी ५० रुपये, आणि छायाप्रत हातात आल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, विषयाला ३००. सगळं ऑनलाइन. माझ्या एका मित्राने छायाप्रत मागवून क्लासच्या सरांना दाखवली. सरांनी पान पान बघून ‘ठीक तपासलंय, सोड’ म्हटलं, आणि त्याचे पुढचे तीनशे वाचले.

मग मॅथ्स घ्यावं की नाही? बी.कॉम. करून सरकारी परीक्षा किंवा नोकरी एवढंच डोक्यात असेल आणि आकड्यांचा खरोखर कंटाळा असेल, तर एसपी घेऊन बाकीचे विषय छान करा. त्यात कमीपणा काही नाही. सीए, विमा, बँकिंग, डेटाचं काम यांपैकी कशाचाही विचार मनात असेल तर दोन वर्षांचा त्रास आत्ताच काढलेला बरा. सीए फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, तिसरा पेपर १०० गुणांचा आहे: व्यवसाय गणित ४०, लॉजिकल रीझनिंग २०, संख्याशास्त्र ४०, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. निर्देशांक, रिग्रेशन, ॲन्युइटी, संभाव्यता वितरणं, सगळी ओळखीची मंडळी तिथे भेटतात. एसपीवाली माझी मैत्रीणही फाउंडेशन करते आहे. तिला हा पेपर पहिल्यापासून करावा लागतोय. ती करेल, पण रविवारी दुपारी माझ्या वह्या घेऊन बसते.

मी जानेवारीच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिथे साधा कॅल्क्युलेटर न्यायला परवानगी आहे. बाबांनी तो निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आणून दिला, आणि पहिले काही दिवस तो शेजारी ठेवून मी लॉग टेबलच उघडत होते.